नऊ पूल, अकरा वाघ: मनसर–खवासा महामार्गाचं प्रकरण

विदर्भात जंगलातून जाणाऱ्या रस्त्याचा किंवा रेल्वेमार्गाचा वाद निघाला की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "पेंचला पूल बांधले ना? वाघ जातातच की खालून." पूल म्हणजे पेंच व्याघ्र प्रकल्पालगत, मनसर–खवासा महामार्गावर जनावरांना खालून जाता यावं म्हणून बांधलेले नऊ पूल. म्हणणं खोटं नाही. वाघ जातात, त्यांचे फोटो आहेत, आकडाही आहे. हरकत आहे ती या वाक्याच्या वापराला. पूल कुठे आणि किती लांबीचे झाले, ती लांबी कुणी कुणाकडून वसूल केली आणि हाती आलेल्या आकड्यावरून नेमकं काय सिद्ध होतं, हे सगळं मागे राहतं आणि फक्त निकाल पुढे केला जातो. पुढच्या रस्त्याला परवानगी मागताना तोच निकाल दाखल्यासारखा फाइलीला जोडला जातो. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडावंसं वाटलं.

जागा

नागपूरहून जबलपूर रोडनं निघालं की कामठी, कन्हान आणि मनसरपर्यंत गावं, शेतं, ढाबे. मनसरच्या मँगनीज खाणी मागे पडल्या की हळूहळू दोन्ही बाजूंना साग दिसू लागतो. मग ऐन, धावडा, मोह, तेंदू, मधूनच उन्हाळ्यात पांढऱ्या फटक दिसणारा कुलू. चोरबाहुली, देवलापार असं करत रस्ता खवासाला राज्याची हद्द ओलांडतो आणि मध्य प्रदेशात कुरईचा घाट चढून सिवनीकडे जातो. सातपुड्याचा हा दक्षिण उतार. डोंगर फार उंच नाहीत, पण नाले, टेकड्या आणि उतारावरचं सलग जंगल यांची गुंतागुंत अशी आहे की जनावराला दिवसा लपायला आणि रात्री चालायला जागा मिळत जाते.

रस्त्याच्या पश्चिमेला पेंच. छिंदवाड्याकडून येणारी पेंच नदी उत्तर-दक्षिण वाहते आणि तोतलाडोहला अडवली जाते. नागपूरकर नळाला जे पाणी भरतो त्यातलं बरंचसं याच खोऱ्यातलं आहे, ही गोष्ट वाघाच्या चर्चेत फारशी कुणी काढत नाही. महाराष्ट्राच्या बाजूचं राष्ट्रीय उद्यान 1975 चं, 257.26 चौरस किलोमीटरचं. 1999 मध्ये ते व्याघ्र प्रकल्पात आलं आणि 2010 मध्ये त्याला लागून मानसिंगदेव अभयारण्य झालं. पलीकडचा मध्य प्रदेशचा पेंच व्याघ्र प्रकल्प 1992 पासून आहे. जनावरांच्या दृष्टीनं जंगल एकच आहे. मधली राज्यांची हद्द माणसांच्या कागदावर.

आता नकाशा जरा मोठा करून पाहा. पेंचच्या ईशान्येला कान्हा आहे, सिवनी, बालाघाट आणि मंडला या जिल्ह्यांमधल्या जंगलानं पेंचशी जोडलेलं. पूर्वेला देवलापारकडून भंडारा-गोंदियाच्या दिशेनं गेलं की नागझिरा आणि नवेगाव लागतात. नागपूर–सिवनी रस्ता या दोन्ही दुव्यांना आडवा जातो. महाराष्ट्राच्या हद्दीत तो नागझिऱ्याकडची वाट कापतो, मध्य प्रदेशात कान्ह्याकडची. दोन राज्यं, दोन वनखाती, पण डांबराची पट्टी एकच. पूर्वी तिला राष्ट्रीय महामार्ग 7 म्हणत. नव्या क्रमांकानुसार ती 44, श्रीनगर ते कन्याकुमारी. हैदराबादहून आग्रा-दिल्लीकडे निघालेला ट्रक नागपुरात शिरतो आणि याच वाटेनं वर जातो. त्यामुळे हा रस्ता कधी शांत नव्हता, पहाटे तीनलाही नाही.

हे दुवे का महत्त्वाचे, ते विदर्भात पुस्तकातून शिकावं लागत नाही. वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की आईचा इलाखा सोडतं. नर जास्त लांब जातो. 'जय' नागझिऱ्याहून निघाला आणि 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात प्रकटला. पुढे तो इतका प्रसिद्ध झाला की 2016 मध्ये बेपत्ता झाल्यावर त्याच्यासाठी लोक देवाला साकडं घालत होते. टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला वाघ 2019 मध्ये यवतमाळहून निघून मराठवाडा-तेलंगणाच्या कडेकडेनं फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. शेतं, नाले, कापसाची वावरं, रस्ते ओलांडत. विष्ठेतून मिळालेल्या डीएनएच्या अभ्यासांनीही मध्य भारतातल्या जंगलांमध्ये वाघांची ये-जा चालू असल्याचं दाखवलं आहे, आणि कान्हा–पेंच ही त्यातली सर्वांत जिवंत वाटांपैकी एक. एखादं जंगल कितीही चांगलं राखलं, तरी बाहेरून नवं रक्त आलं नाही तर काही पिढ्यांनी त्याचं बेट होतं.

वाद

उत्तर-दक्षिण महामार्ग चौपदरी करायचं ठरलं तेव्हा अलीकडचे आणि पलीकडचे टप्पे रुंद झाले, मधला जंगलाचा तुकडा राहिला. दुपदरी, खड्ड्यांनी भरलेला, चौपदरीवरून वेगानं आलेल्या वाहनांना अचानक अडवणारा. वन्यजीव संस्थांची बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे गेली. पर्याय म्हणून छिंदवाड्यामार्गे रस्ता वळवण्याची कल्पना आली. कागदावर ती सोपी दिसत होती. पण सिवनीच्या लोकांना वाटलं आपला महामार्ग पळवला जातोय, आणि तिथे आंदोलन पेटलं. शिवाय छिंदवाड्याच्या बाजूला काही माळरान नाही. पेंचला सातपुडा व्याघ्र प्रकल्पाशी जोडणारं जंगल त्याच जिल्ह्यात आहे. एक वाट वाचवायला दुसरी कापायची, असा तो प्रकार झाला असता.

रात्रीची वाहतूक बंद करा, असंही सुचवलं जाई. कर्नाटकातल्या बंडीपूरच्या जंगलात 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा रस्ता बंद असतो आणि ते यशस्वी उदाहरण मानलं जातं. पण तिथे वाहनांना वळसा घालता येतो आणि तो रस्ता देशाचा कणा नाही. इथे ते झेपणारं नव्हतं. माझ्या मते ही मागणी लावून धरणाऱ्यांनी वेळ घालवला.

या सगळ्यात देवलापार भागातल्या गावांची बाजू नीट ऐकली गेली असं वाटत नाही. अडलेली बाळंतीण रामटेकला किंवा नागपूरला न्यायची तर त्याच खड्ड्यांतून. पोराचं कॉलेज, बाजार, तेंदूपत्त्याच्या हंगामातली धावपळ, सगळं त्याच रस्त्यानं. शहरातल्या वन्यजीवप्रेमींनी "रस्ता नको" म्हणणं आणि गावकऱ्यानं "रस्ता कधी?" विचारणं यात गावकऱ्याला खलनायक ठरवण्याची घाई अनेकांनी केली.

रस्त्याच्या दुरवस्थेची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून घेतली. दुसरीकडे पर्यावरणवादी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते. 2015 मध्ये स्थिती अशी होती की एका ठिकाणी रस्ता लवकर करा असा रेटा, दुसऱ्या ठिकाणी झाडं तोडू नका अशी मागणी, आणि प्रत्यक्ष जागेवर कुऱ्हाडी चालू झालेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ गोंधळ वाटे. पण या ओढाताणीतूनच पूल लांब झाले. माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचा गाभा हाच.

कायद्याचा आधार भक्कम होता. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 मध्ये झालेल्या दुरुस्तीनं व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, आणि कलम 38-ओ मध्ये फक्त व्याघ्र प्रकल्पच नव्हे तर एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारा भागही आला. जनहिताचं कारण असेल तर, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि प्राधिकरणाचा सल्ला घेऊनच अशी जमीन इतर कामाला वळवता येते. पूर्वी अभयारण्याच्या रेषेबाहेर पाऊल पडलं की वाघ कायद्याच्या दृष्टीनं जवळजवळ उघड्यावर यायचा. या कलमामुळे रेषेबाहेरच्या वाटेवरही बोलायला जागा मिळाली.

लांबीची घासाघीस

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं कुठे, किती लांबीचे पूल हवेत ते सुचवलं. रस्ता बांधणाऱ्यांच्या बाजूनं उत्तर आलं की खर्च फार होतो. मग लांबी कमी, पुन्हा आक्षेप, पुन्हा बैठक. बाहेरच्या माणसाला वाटतं की पूल म्हणजे पूल, पन्नास मीटर असला काय नि पाचशे काय, वाघाला हवी असते चार फूट जागा. इथेच गणित चुकतं.

जनावर पुलाखालून जातं ते पलीकडचं दिसलं तर. महामार्गाची रुंदी म्हणजे जनावरासाठी बोगद्याची खोली. चौपदरी रस्त्याखाली ती खोली काही कमी करता येत नाही. मग बोगद्याची भावना घालवायची तर तोंड रुंद करायचं आणि छत उंच ठेवायचं. जितकं तोंड मोठं तितका उजेड आत आणि तितकं पलीकडचं जंगल डोळ्यासमोर. बिबट्या किंवा रानमांजर अरुंद मोरीतूनही निघून जाईल. चितळांचा कळप तसं करत नाही. त्याला आत शिरण्याआधी सगळीकडून वास घ्यायचा असतो, पळायला जागा पाहिजे असते. सांबर त्याहून बुजरं, आणि गवा तर अंगानंच एवढा. आणि चितळ-सांबर गेलं नाही तर वाघाला त्या वाटेनं जाण्यात काय रस? पूल वाघासाठी म्हणून बांधायचा असला तरी मोजमाप हरणाचं घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट जागेची. जनावराच्या वाटा मुळात नाल्यांच्या कडेनं असतात. सावली, पाणी, लपण आणि चालायला सोपा उतार तिथे मिळतो. नाल्यावर पूल तर एरवीही बांधावाच लागतो. तोच लांब आणि उंच केला, पाण्याच्या दोन्ही काठांना कोरडी जमीन सोडली, की पावसाळ्यातही वाट उघडी राहते. नुसता पाण्यापुरता पाइप टाकला तर जुलैपासून पुढे ती वाट बंदच. या साध्या गोष्टीसाठी किती बैठका झाल्या असतील!

शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला नऊ बांधकामं ठरली: चार खास जनावरांसाठीचे अंडरपास आणि पाच लहान पूल, जे नाल्याचंही काम करतात आणि जनावराच्या वाटेचंही. सर्वांत लहान 50 मीटरचं, सर्वांत लांब 750 मीटरचं. पाऊण किलोमीटर लांबीच्या पुलाखाली उभं राहिल्यावर बोगद्याची भावनाच येत नाही. जंगलावर छप्पर घातल्यासारखं वाटतं. ही पाऊण किलोमीटर लांबी कुणी आपणहून दिलेली नाही. न्यायालयं, लवाद आणि शास्त्रज्ञ यांच्या रेट्यातून ती मिळाली. वाद झाला नसता तर तिथे पन्नास मीटरच्या मोऱ्या असत्या आणि आज बैठकीत सांगायला आकडाही नसता, असं मला ठामपणे वाटतं.

कॅमेऱ्यासमोर काय आलं

रस्ता सुरू झाल्यावर भारतीय वन्यजीव संस्थेनं पुलांखाली 78 कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर 2019 या काळात 18 वन्य प्रजातींची 5,450 छायाचित्रं मिळाली. चितळ सर्वांत जास्त. शिवाय रानडुक्कर, रोही (नीलगाय), सांबर, गवा, बिबट, रानमांजर, अस्वल, रानकुत्रे. आणि वाघ: 11 वेगवेगळे वाघ, 89 वेळा.

वेगवेगळे हे कसं कळतं? प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, इतकंच नव्हे तर एकाच वाघाच्या उजव्या आणि डाव्या कुशीवरचे पट्टेही जुळत नाहीत. म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावतात, म्हणजे एकाच वेळी दोन्ही कुशी टिपल्या जातात. खांबाला गुडघ्याच्या उंचीवर पत्र्याच्या पेटीत कॅमेरा, तिला साखळी आणि कुलूप. कुलूप वाघासाठी नसतं, हे सांगायला नको.

पुलाखालची जमीन पाहण्यासारखी असते. पाऊस थेट पडत नाही, त्यामुळे माती पिठासारखी बारीक होते आणि तिच्यावर सगळं उमटतं. चितळाच्या खुरांची रांग, तिच्यावरून गेलेला सायाळचा ठसा, मधेच ओढत नेल्यासारखी शेपटीची रेघ, आणि बाजूला गाईचं ताजं शेण. खांबाच्या पायथ्याशी वरून भिरकावलेली पाण्याची बाटली, गुटख्याच्या पुड्या. वरून ट्रक गेला की पुलाच्या सांध्यांवर दोनदा धाड-धाड असा आवाज होतो आणि मग थोडा वेळ फक्त पक्षी. गावातला एक गुराखी शेजारी बसला होता. म्हणाला, "वाघ बी जाते न जी इथून, आमचे ढोरं बी जाते. त्याले का माहीत, पूल कोनासाठी बांधला ते?" त्याचा मुद्दा सरळ होता. दिवसा पूल माणसांचा आणि गुरांचा, रात्री जंगलाचा. कॅमेऱ्यातही माणसं, गुरं आणि कुत्री आली आहेत. वाघ वेळ बदलून भागवतो. चितळ कुत्र्यांशी तसं जुळवून घेईल का, याची मला खात्री नाही.

89 या आकड्याचं वजन

आता तो बैठकीतला आकडा. 11 वाघांचे 89 फेरे म्हणजे सरासरी प्रत्येकी आठ. पण अशी सरासरी काही सांगत नाही. ज्या वाघाचा इलाखा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे तो शेजारच्या नाल्यावर पाणी प्यायला जावं तसा पुलाखालून जात-येत राहणार. त्याचे वीस फेरेही होऊ शकतात. उलट एखादा तरुण नर एकदाच जाईल, पूर्वेकडे, आणि परत येणार नाही. मोजणीत त्याचा हिस्सा 89 मधला एक. पण सगळी उठाठेव केली ती त्या एकासाठी. इलाख्यातली ये-जा आणि इलाखा सोडून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छायाचित्रांची बेरीज त्यांना एकाच पोत्यात भरते.

यातून पूल निरुपयोगी ठरतात असा अर्थ कुणी काढू नये. पूल नसते तर तोच इलाख्यातला वाघ रोज रात्री ट्रकांच्या मधून गेला असता, आणि ते फार दिवस टिकत नाही. 2017 च्या डिसेंबरात नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बोर व्याघ्र प्रकल्पातला वाघ 'बाजीराव' वाहनाच्या धडकेत मेला. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया–कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात गाडीनं उडवलेला वाघ फरपटत कडेला जात होता, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. त्या दोन्ही ठिकाणी असे पूल नव्हते. पेंचच्या पुलांनी जीव वाचवले, हे मानायला मला अडचण नाही.

अडचण पुढच्या उडीशी आहे. "वाघ पुलाखालून गेला, म्हणजे पेंच आणि नागझिरा जोडलेलेच आहेत," ही ती उडी. जोडणी सिद्ध व्हायची तर पेंचमध्ये जन्मलेला वाघ नागझिऱ्यात किंवा कान्ह्यात स्थिरावलेला आणि त्याची पिल्लं झालेली दिसायला हवीत. त्याला वर्षं लागतात, जनुकांचा अभ्यास लागतो, आणि दोन्ही टोकांच्या कॅमेऱ्यांचे फोटो एकमेकांशी जुळवून पाहावे लागतात. पट्टे जुळवणं ही गोष्ट आज अवघड राहिलेली नाही. पुलाखालच्या अकरा वाघांपैकी कोण पुढे कुठल्या जंगलात दिसला, एवढी एक यादी नियमित प्रसिद्ध झाली तर 89 पेक्षा ती मोलाची ठरेल.

कॅनडातल्या रॉकी पर्वतात बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून असाच मोठा महामार्ग जातो. तिथे गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून जनावरांसाठी वरून आणि खालून वाटा केल्या आहेत. ग्रिझली अस्वलांना त्या सरावाच्या व्हायला कित्येक वर्षं लागली. म्हणजे पहिल्या वर्षाचे आकडे हे सुरुवातीचे आकडे असतात, निकाल नसतात. तिथली आणखी एक गोष्ट इथे क्वचित बोलली जाते: तिथे वाटांबरोबर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपण आहे. कुंपण जनावराला रस्त्यावर येऊ देत नाही आणि चालवत चालवत पुलापर्यंत नेतं. दोन्ही मिळून एक उपाय. आपल्याकडे पुलांचे फोटो छापून येतात. दोन पुलांच्या मधल्या, जमिनीवरून जाणाऱ्या रस्त्याबद्दल कोण विचारतं?

खवासाच्या पलीकडे

मध्य प्रदेशच्या हद्दीतलं काम मागून झालं आणि महाराष्ट्राच्या अनुभवाचा तिथे उपयोग झाला. मोहगाव ते खवासा या 29 किलोमीटरांच्या टप्प्यात अशी 14 बांधकामं आहेत आणि पुलांच्या कडेला चार मीटर उंचीच्या, आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंती आहेत. प्रकाशाकडे आपण फार हलक्यात बघतो. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्राचा पेंच देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं ठिकाण, ठरला. अंधारासाठी गावांतले दिवे बदलले, त्यांचं तोंड जमिनीकडे वळवलं. त्याच जंगलाच्या कडेनं रात्रभर ट्रकचे हेडलाइट जातात, याचा विचार भिंत बांधणाऱ्यानं केला हे बरं झालं.

2016 मध्ये वन्यजीव संस्थेनं रस्ते, रेल्वे आणि वीजवाहिन्यांसाठी मार्गदर्शिका काढली. त्यानंतर असे पूल प्रकल्पाच्या आराखड्यातच दिसू लागले. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही जनावरांसाठी वरून-खालून वाटा आहेत. हे पेंचचं श्रेय मानावं लागेल: रस्ता झाल्यावर भांडण्याऐवजी आराखड्यातच वाट धरली जाते. पण त्याचबरोबर एक वाईट सवयही लागली. पूल आराखड्यात दाखवला की जंगलाचा प्रश्न मिटला, असं धरून रस्ता कुठून जावा हा प्रश्नच विचारायचा बंद होतो. वळसा शक्य आहे का, रस्ता खरंच रुंद हवा का, या प्रश्नांना टाळून थेट पुलाच्या लांबीवर यायचं, आणि ती लांबीही शक्य तितकी कमी करायची. पेंचला वळसा शक्य नव्हता म्हणून पूल आले. जिथे वळसा शक्य आहे तिथे पेंचचा दाखला चुकीचा लागतो.

पुलाच्या दोन्ही तोंडांशी

पुढची लढाई रस्त्याच्या बाहेरची आहे, असं मला दिसतं. पश्चिमेचं तोंड व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला उघडतं, त्यामुळे तिथे फारशी काळजी नाही. पूर्वेचं तोंड ज्या जमिनीकडे जातं तिथे थोडं वनखात्याचं, थोडं महसूलचं, थोडं खासगी. पर्यटन वाढलं, जमिनीचे भाव वाढले, नागपूरकराला शनिवार-रविवारसाठी दोन एकर आणि स्विमिंग पूल हवा. तारेचं कुंपण, रात्रभर जळणारा हॅलोजन, राखणीला दोन कुत्री. 750 मीटरचा पूल बांधून त्याच्या पूर्वेला अशी चार फार्महाऊसं उभी राहिली तर पूल तसाच राहील, वापर आटेल. पूल न्यायालयांच्या पातळीवर ठरला. ही जमीन मात्र एका सातबाऱ्याच्या फेरफारानं बदलते आणि ती बातमीही होत नाही.

शेतकऱ्याचा प्रश्न याहून वेगळा. रानडुकरं आणि रोही रातोरात वावर साफ करतात, म्हणून कुणी तारेत वीज सोडतो. 2017 मध्ये 'जय'चा मुलगा 'श्रीनिवास' अशाच प्रवाहाला लागून मेला. पुलाखालून सुखरूप पलीकडे गेलेल्या वाघाची गाठ दुसऱ्याच रात्री अशा तारेशी पडू शकते. नुकसानभरपाई वेळेवर मिळणं आणि सौर कुंपणाला अनुदान मिळणं हे म्हणून महामार्गाच्या प्रकरणातलेच विषय आहेत, जरी ते वेगळ्या खात्याच्या वेगळ्या फाइलीत असले तरी.

आणि झुडपी जंगल. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा शब्द कदाचित नवा असेल. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत मिळून 86,409 हेक्टर जमीन या नावानं नोंदलेली आहे, नागपूर जिल्हाही त्यात. हलकी जमीन, खुरटी झाडं, गावाची गुरं चारायची जागा. वनखात्याला ती पुरेशी जंगल वाटत नव्हती आणि महसूलला ती पडीक वाटत होती, म्हणून अनेक वर्षं तिच्यावर शाळा, वस्त्या, कार्यालयं होत राहिली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच धरायची असा निकाल दिला, 1996 पूर्वीच्या वापरातल्या जमिनींसाठी वेगळी वाट ठेवून. विकासाच्या बाजूनं यावर नाराजी आहे, ती समजण्यासारखी आहे. पण देवलापारहून पूर्वेला, भंडाऱ्याच्या दिशेनं निघालेल्या वाघाच्या पायांखालची जमीन बघितली तर सलग घनदाट जंगल सगळीकडे नाही. मधे शेतं, मग असा एखादा झुडपी तुकडा, नाला, पुन्हा शेतं. दिवस काढायला त्याला असा एक तुकडा पुरतो. म्हणून पेंचच्या नऊ पुलांच्या पुढच्या आढाव्यात कॅमेऱ्यांच्या आकड्यांच्या बरोबरीनं, प्रत्येक पुलाच्या पूर्व तोंडापासून पुढच्या काही किलोमीटरांतले सर्व्हे नंबर, त्यांतले झुडपी किती, बिगरशेती झालेले किती आणि तारेनं बंद झालेले किती, हे गावनिहाय लावलं जायला हवं. तलाठ्याकडे ही माहिती आजही आहे.